आतोबांची वैजापूरची मोटार

जगातली कुठलीही वस्तू मोडीत निघू शकते, यावर आमच्या आतोबांचा आयुष्यभर विश्वास बसला नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. औरंगाबादच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे आणि शाळा सुटली की उरलेलं जग दुरुस्त करायचे. त्यांच्या घरच्या टेबलफॅनला शिवणयंत्राचं पायडल होतं, म्हणजे वारा हवा असेल तर आधी घाम गाळावा लागे. कुकरच्या शिट्टीच्या जागी त्यांनी एकदा सायकलच्या घंटीची वाटी बसवली होती, तेव्हापासून आत्या कुकर लावला की अंगणात जाऊन उभी राहायची. "यांच्या हाती लागलेली वस्तू मरत नाय," ती म्हणायची, "पण धड जगत बी नाय." आतोबांना याचं वाईट वाटत नसे. आपण बोलत असलो तरी त्यांची नजर आपल्या खांद्यावरून पलीकडे कुठंतरी लागलेली असायची, आणि तिथं बहुधा एखादी मोडकी वस्तू नवी होऊन चकाकत असायची.

या माणसाला मोटार सापडली. सापडली म्हणजे शोधलीच. वैजापूर हे आत्याचं माहेर. निजामाच्या राज्यात तिथल्या एका जहागीरदाराकडे काळी, लांब नाकाची विलायती मोटार होती आणि शाळकरी आत्या मैत्रिणींबरोबर त्या मोटारीमागं बाजारभर पळायची. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पापड वाळत घालताना आत्यानं हे सहज सांगितलं आणि ती विसरून गेली. आतोबा विसरले नाहीत. आपली बायको त्या मोटारीमागं धावली पण मोटारीत कधी बसली नाही, ही गोष्ट त्यांनी जी जिवाला लावून घेतली ती कायमची. पोलीस ॲक्शननंतर जहागीरदार हैदराबादला निघून गेले, मोटार मागं राहिली. आत्याच्या मुली लग्न होऊन गेल्यावर, म्हणजे पुष्कळच वर्षांनी, वैजापूरच्या एका लग्नात आतोबा भर पंगतीतून नाहीसे झाले. शोधत गेलो तर एका कडब्याच्या खोपटात ती मोटार, मोटारीत कोंबड्या, आणि कोंबड्यांच्या मधोमध डोळे मिटून हसत बसलेले आतोबा. इंजन कुणीतरी कधीच काढून नेलं होतं. मालकानं ती भंगाराच्या भावानं देऊन टाकली, वर एक कोंबडीही दिली. कांद्याच्या ट्रकवर चढून मोटार पडेगावला आली आणि पुढं कितीतरी महिने तिला कांद्याचा वास येत होता.

पडेगावला दौलताबाद रस्त्यालगत एका चाचांचं गॅरेज होतं. आतोबांचे ते जुने दोस्त. मोटारीला तीन वेळा प्रदक्षिणा घालून चाचा म्हणाले, "मास्तर, इसकू मिस्त्री नक्को, इसकू दुवा होना." पण दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच पाना घेऊन तिच्याखाली शिरले. जगातले सगळे लोक मोटार दुरुस्त करताना इंजनापासून सुरुवात करतात. आतोबांनी मागच्या सीटपासून केली. एका बंद पडलेल्या थिएटरातल्या लाल खुर्च्या त्यांनी आणल्या. त्या उठल्याबरोबर आपोआप मिटायच्या, त्यामुळं पुढं रस्त्यावर खड्डा आला की माणूस उडायचा आणि खाली येईपर्यंत खुर्ची मिटलेली असायची. टप मांडववाल्याकडच्या जुन्या कापडाचा होता. आतून मात्र आतोबांनी विणकराकडून हिमरूच्या रेशमी कापडाचे उरलेसुरले तुकडे आणून लावले होते. मान वर केली की डोक्यावर वेलबुट्टी दिसे. स्टिअरिंग मोडीतल्या बसचं होतं. ते एवढं मोठं की आतोबा त्याच्यामागं बसले की नुसते डोळे आणि टोपी दिसायची. समोरचे काटे काही केल्या हलेनात, तेव्हा आतोबांनी ब्रश काढला आणि ते रंगवून टाकले. तेलाचा काटा भरलेला, वेगाचा तिसावर. मी हसलो तर ते गंभीरपणे म्हणाले, "अरे, रिकामा काटा बघून बसणाऱ्याचा जीव खालीवर होतो. तिनं निवांत बसलं पाहिजे."

आत्या मात्र मोटारीत बसत नव्हती. संध्याकाळी आतोबा त्या न चालणाऱ्या मोटारीत जाऊन बसायचे, मलाही बसवायचे आणि विचारायचे, "बोल, कुठं जायचं?" समोर सूर्य उतरत असायचा, दौलताबादचा किल्ला निळसर होत जायचा आणि आम्ही जागच्या जागी पैठणला, नाशिकला, एकदा तर पार काश्मीरला जाऊन यायचो. आत्या डबा द्यायला आली की लांबूनच म्हणायची, "चालंल तवा बघू." ही सगळी खटपट तिच्यासाठीच आहे हे तिला सांगत का नाही, असं मी एकदा आतोबांना विचारलं. "सांगितलं तर खर्च नको म्हणेल," ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "एकदा वैजापूरच्या त्या बाजारातून तिला मागच्या सीटवर बसवून न्यायचं. बस्स. मग ही मोडली तरी चालेल." मोडलं तरी चालेल, हे वाक्य त्यांच्या तोंडून मी तेवढं एकदाच ऐकलं.

पुढं बिडकीनच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीवर वीज आली आणि त्याचं जुनं डिझेल इंजन रिकामं झालं. चाचांनी ते मोटारीच्या लांब नाकात कसंबसं कोंबलं आणि पट्टा चढवला. पहिल्यांदा हँडल मारलं तेव्हा काळा धूर निघाला, पुक-पुक-पुक आवाज दूरवर गेला, आणि थोड्या वेळानं पडेगावातल्या दोन बायका डोक्यावर ज्वारीचे डबे घेऊन आल्या. नवी पिठाची गिरणी सुरू झाली असं त्यांना वाटलं होतं. चाचा कपाळाला हात लावून बसले. आतोबांनी मात्र त्या बायकांना आदरानं मागच्या सीटवर बसवलं आणि डब्यांसकट घरी सोडलं. मोटार चालत होती!

एका बाजारच्या दिवशी भल्या सकाळी आम्ही निघालो. पुढं आतोबा आणि चाचा, मागं आत्या आणि मी. आत्यानं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, का कुणास ठाऊक. लासूरपर्यंत सायकलवाले आम्हाला मागं टाकत होते, पण काटा तिसावर होता आणि तेल भरलेलं होतं. वाऱ्यात वेलबुट्टी हलत होती. आत्या वर बघत बसली होती. वैजापूर दिसलं तसे आतोबा ताठ झाले, टोपी सारखी केली. बाजाराच्या तोंडाशी, आत्याच्या शाळेसमोर मोटार आली आणि पट्टा तुटला.

आतोबांचा चेहरा मला बघवेना. चाचा खाली उतरून नुसते बघत राहिले. पोरं गोळा झाली. तेवढ्यात आत्या उतरली, पदर खोचला, मोटारीच्या पाठीला हात लावला आणि पोरांना म्हणाली, "बघता काय, लावा की जोर!" पुढं उतार होता. मोटार हलली, मग सुटली, आणि आमची पन्नाशी उलटलेली आत्या पोरांच्या घोळक्यात भर बाजारातून तिच्यामागं धावायला लागली. हसत होती, ओरडत होती. मागचं दिसावं म्हणून स्टिअरिंगजवळ टांगलेल्या दाढीच्या आरशातून आतोबांना ती दिसली. "अगं, बस! आत बस!" ते कळवळून ओरडत होते. "थांबू नका!" आत्या ओरडली. "जाऊ द्या पुढं!"

उताराच्या शेवटी मोटार आपसूक थांबली. धापा टाकत आत्या आली. आतोबांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुला बसवायलाच केलं गं हे सगळं," ते म्हणाले. "तेव्हा बसायला मिळालं नाही म्हणून." आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. "आवं, बसायचं व्हतं असं कधी म्हणलं मी? पळायचो म्हणलं व्हतं. लई मजा यायची!" आणि तिला पुन्हा हसू फुटलं. आतोबा आधी गोंधळले, मग तेही हसू लागले, पण आत्याचा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

आता आतोबा नाहीत, चाचाही नाहीत. मोटार आत्याच्या अंगणात उभी आहे. परवा गेलो तर आत्या मागच्या सीटवर बसली होती. मी दार उघडलं तर पदरानं शेजारची खुर्ची पुसत म्हणाली, "तवा पळण्यातच गंमत व्हती रे. आता रोज बसावं वाटतं, तर हाकणारं माणूस नाय." पुढचं स्टिअरिंग रिकामं होतं. तेलाचा काटा भरलेला होता. मी तिच्याशेजारी मागंच बसलो, खुर्ची मिटू नये म्हणून हातानं धरून, आणि तिला विचारलं, "बोल आत्या, कुठं जायचं?"