डेलिगेशनमामांचा सिद्धांत

आमच्या पापडी गावच्या बस्त्यावमामांना परदेशी भांडवलाची चाहूल नाचावरून लागत असे. अमुक देशाचं नाचगाण्याचं पथक मुंबईत उतरलं, अशी बातमी दिसली की ते तिचं कात्रण पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि त्या देशाचा कारखाना आपल्याकडे कधी निघतो याची वाट बघत बसायचे. चार इयत्ता शिकलेल्या या बागाईतदाराचा सिद्धांत चार शब्दांचा होता : "आधी गानं, मंग गिरनी." ओळखीशिवाय परमुलखात कोणी पैसा घालत नाही आणि गाण्याइतकी लवकर ओळख कशानं होत नाही, असं त्यांचं म्हणणं. 'डेलिगेशन' हा शब्द त्यांच्या तोंडी वाक्यागणिक यायचा, म्हणून गावानं त्यांना डेलिगेशनमामा करून टाकलं.

मी शाळामास्तर, त्यामुळे चेष्टा करण्यात मी सगळ्यांच्या पुढे. पण मामांचं दुखणं खरं होतं. त्यांची राजेळी केळ्यांची बाग होती. सोललेली केळी आठवडाभर कडक उन्हात सुकवली की सुकेळी होतात. पावसाळ्यात मात्र ऊन नाही, म्हणजे कामही नाही. त्यांचा एकुलता एक सांतू उघडच सांगायचा, "बाबा, चार महिने हातावर हात ठेवून नाय जगता येत. सुकवनीचा कारखाना आला तर ऱ्हातो, नायतर चाललो मी." मामांना कारखाना हवा होता तो सांतूसाठी.

दोन वर्षं मुंबईच्या कचेऱ्यांत खेटे घालून मामांनी एक परदेशी पथक पापडीला आणवलंच. खेड्यातलं लोकजीवन दाखवायचं, असं कारण कागदावर होतं. नाचणाऱ्यांबरोबर एक चष्मेवाले, ढेरपोटे गृहस्थ होते. मामा माझ्या कानाशी लागले, "नाचनाऱ्याचं पोट असं नसतं, मास्तर. हा गिरनीवाला." आणि खरोखरच ते त्यांच्या उद्योगखात्याचे अधिकारी निघाले! बँड वाजला, लाल लुगडी नेसून बायका नाचल्या, पाहुण्या पोरींनीही फेर धरला. मग मामांच्या ओटीवर पंगत बसली.

साहेबांनी सुकेळी मिटक्या मारत खाल्ली आणि वही उघडून मला विचारलं, "यांना कशाची गरज आहे? आमचा देश इथे काय उभारू शकेल?" मी ते मामांना मराठीत सांगितलं. याच प्रश्नासाठी मामा दोन वर्षं झिजले होते. वाढता वाढता सांतू जागीच थांबला.

मामा ताठ बसले. "देवाच्या दयेनं आमाला काय कमी नाय म्हनावं. आनि त्यांना सांगा, लाजू नका, आनखी दोन घ्या."

मी घुटमळलो. मामांनी डोळे वटारले. मग मी ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं. माझ्या इंग्रजीचा मला तेव्हा भारी अभिमान होता. साहेबांनी कौतुकानं मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि आणखी दोन घेतली.

पाहुणे गेल्यावर मी अक्षरशः भांडलो. मामा उलट माझ्यावरच चिडले. "आपल्या घरात जेवायला बसलेल्या पावन्याकडं कोन मागतं? मागू की नंतर, पत्रानं."

आमचं पत्र जायच्या आधी त्यांचं आलं. कशाचीही उणीव नसलेलं गाव पाहून साहेब भारावले होते. कारखाना ते दक्षिणेकडच्या एका गावाला देणार होते. पथक पुढे तिथे नाचायला गेलं, तेव्हा तिथल्या लोकांनी हारासोबत गरजांची यादीच हातात ठेवली होती. म्हणजे मामांचा सिद्धांत अगदी बरोबर होता, फक्त कारखाना पापडीला आला नाही.

सांतू त्याच कारखान्यात नोकरीला लागला. लग्न करून तिकडचाच झाला. मामा बागेत जायचे कमी झाले. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

पुढे आजारी पडले तेव्हा मी भेटायला गेलो. छताकडे बघत म्हणाले, "मास्तर, तवा मी मागितलं असतं, तर सांतू हितं असता का हो?"

"छे हो, मामा," मी म्हणालो. "त्यांचं ते गाव आधीच ठरलेलं होतं. आपल्याकडे नुसते जेवायला आले होते."

ठरलेलं काहीही नव्हतं. त्या दिवशी मामा कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले, असं मामी सांगत होती.