गुडरमांच्या रानातली अंगठी

इंग्लंडातल्या नॉरफोकच्या आमच्या भागात थेल्मा थर्टलबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडायचा नाही. निम्म्या गावाने शाळेत त्यांच्या हातचं कस्टर्ड खाल्लंय आणि उरलेल्या निम्म्याने त्यांची बोलणी. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्यावर बाई घरात बसून नवऱ्याच्या, म्हणजे डेन्झिलच्या, प्रत्येक कामात चुका काढू लागल्या. शेवटी त्या गरीब माणसाने वाढदिवसाला त्यांना मेटल डिटेक्टर आणून दिला. आपल्याला दुपारची झोप मिळावी, एवढाच त्याचा हेतू होता. ती मिळाली, पण बाई रानाला लागल्या त्या लागल्याच.

लांबून बघणाऱ्याला वाटतं, मजेचं काम आहे. कानाला हेडफोन लावायचे, हातातला दांडा जमिनीलगत फिरवत चालायचं आणि यंत्र कुरकुरलं की गुडघे टेकून खणायचं. निघतं काय, तर कोल्ड्रिंकच्या डब्याची कडी, काडतुसाचं बूड, नाहीतर कुणाच्या तरी खापरपणजोबांच्या विजारीचं बटण. मग खड्डा नीट बुजवायचा आणि पुढे चालायचं. वर्षाकाठी एखाद्या वेळी मात्र नखाएवढं पातळ चांदीचं नाणं हाताला लागतं, त्यावर कुठल्याशा राजाचा डोळे वटारलेला चेहरा असतो, आणि त्या दिवशी डेन्झिलला रात्री पुडिंग मिळतं.

बाईंचा एक नियम फार कडक. जमिनीतून निघालेली वस्तू घासायची नाही, मातीसकट डबीत ठेवायची. डिटेक्टरवाल्यांच्या क्लबातल्या एका धिप्पाड प्लंबरने उत्साहाच्या भरात एक नाणं विजारीवर खसाखसा पुसलं होतं. राजेसाहेबांचं नाक गेलं. बाईंनी सगळ्यांसमोर त्या प्लंबरला असं काही फैलावर घेतलं की तो बिचारा पुढे कित्येक रविवार फिरकलाच नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. मालकाने हो म्हटल्याशिवाय कुणाच्या रानात पाऊल टाकायचं नाही, हा या मंडळींचा शिरस्ता. त्यामुळे ती रानाला रान म्हणतच नाहीत, ‘परवानगी’ म्हणतात. ‘माझी नदीकाठची परवानगी अजून नांगरायची आहे’ असं बाई बोलल्या की नवख्याला काही कळत नाही. पंचक्रोशीतल्या सगळ्या परवानग्या बाईंनी गोड बोलून, केक नेऊन, प्रसंगी दम देऊन मिळवल्या होत्या. राहिलं होतं फक्त सिरिल गुडरमचं चॅपलमागचं रान.

सिरिल तसा सज्जन माणूस. कुणाची गाडी चिखलात रुतली तर ट्रॅक्टर घेऊन हा पहिला हजर. पण डिटेक्टर दिसला की त्याचं डोकं फिरायचं. बाई तीनदा केक घेऊन गेल्या. केक त्याने तिन्ही वेळा ठेवून घेतला आणि बाईंना परत पाठवलं.

पण यंदा गुडरम नवराबायकोच्या गुडघ्यांनी हात टेकले. शेत विकलं गेलं, मायकेलमसला, म्हणजे सप्टेंबरअखेर, ताबा द्यायचा होता आणि गावातल्या छोट्या बंगलीत राहायला जायचं ठरलं होतं. चॅपलमधल्या सुगीच्या जेवणात सिरिलची बायको मेविस थेल्माबाईंच्या शेजारी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, “थेल्मा, माझी लग्नाची अंगठी त्या मागच्या रानात पडलीय गं. बीट काढताना बोटातून सटकली, त्याला आता कितीतरी वर्षं झाली. जायच्या आधी शोधून देशील?”

“मी एका पायावर तयार आहे. पण तुझा नवरा?”

“त्याचं मी बघते.”

तिने काय बघितलं देव जाणे, पण सोमवारी सकाळी सिरिलने स्वतः फाटक उघडलं. चेहरा मात्र दाढ काढायला आल्यासारखा.

लग्नाची अंगठी, म्हणजे सोन्याची. बाई त्या हिशेबाने कामाला लागल्या. यंत्राला सोन्याची अंगठी आणि डब्याची कडी यांतला फरक फारसा कळत नाही, दोन्हींचा सूर सारखाच. मग बाईंनी तेवढ्याच सुराचा पिच्छा धरला. आवाज त्याहून चढा आला की काडतूस असणार म्हणून सोडून द्यायचा. दोन दिवस बाई वाकून वाकून खणत होत्या आणि पिशवीभर कड्या जमल्या. मेविस स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून होती. बाईंनी मान वर केली की ती हात हलवायची, आणि बाई पुन्हा खाली वाकायच्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाई गोठ्याच्या भिंतीला टेकून बेकनचं सँडविच सोडत होत्या, तेवढ्यात सिरिल आला. टोपी काढली, परत घातली.

“नाही मिळायची ती,” तो म्हणाला.

“का नाही मिळायची? सोनं काय मातीत विरघळतं? हजार वर्षांनी काढलं तरी जसं गेलं तसंच पिवळंधमक निघतं.”

“तेच तर.” सिरिलने खिडकीकडे पाहिलं. “ती सोन्याची नाही.”

बाईंचा घास हातातच राहिला.

“पैसे नव्हते हो तेव्हा. ट्रॅक्टरच्या पंपातलं एक पितळी बुश, कड्यासारखं, पडलं होतं, ते मी लेथवर चढवून घासलं, पॉलिश केलं आणि तिला सोनं म्हणून घातलं. पुढे खरी करून देईन म्हणत होतो, तर हिने ही हरवलीच. तुमच्यापैकी कुणाच्या हाती लागली असती आणि हिरवी निघाली असती, तर तिला काय तोंड दाखवलं असतं मी?”

“अहो सिरिल! म्हणून माझे तीन केक खाऊन मला परत पाठवलंत?”

“केक चांगले होते.”

“आणि आता का सांगताय?”

“ती खिडकीतून उठत नाही,” सिरिल म्हणाला. “मला बघवत नाही.”

बाईंनी सँडविच गुंडाळून ठेवलं आणि उठल्या. जाड पितळेचा सूर चढा असतो, म्हणजे जे आवाज काडतुसाचे म्हणून सोडले त्यांतच ती होती. दिवस कलायच्या आत फाटकाजवळच्या चरात एका ढेकळातून अंगठी निघाली. शेवाळासारखी हिरवीगार.

सिरिलने ती तळहातावर घेतली. तिच्याकडे बघता बघता त्याचे डोळे भरून आले.

“अशी नाही देता येणार तिला,” तो म्हणाला. “घासून द्या ना.”

“मी? घासू?”

“तुम्हाला माहीत असेल कसं करतात ते.”

बाईंना अर्थातच माहीत होतं. काय काय केल्याने वस्तूचा सत्यानाश होतो हे त्या क्लबात दर महिन्याला घसा फोडून सांगत. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, प्लंबर कुठे दिसत नव्हता. मग सँडविच उघडलं, बेकन सिरिलला दिलं, अंगठी पावावरच्या आंबट ब्राऊन सॉसमध्ये चांगली बुडवली आणि गोठ्यात बादली पालथी घालून पोत्याच्या तुकड्याने घासायला बसल्या. सिरिल बेकन चघळत पहाऱ्याला उभा. मनातल्या मनात बाई त्या प्लंबरची माफी मागत होत्या. अंगठीवर बारीक खड्डे राहिले, पण रंग पिवळा आला.

मेविस चहा करून वाटच बघत होती. बाईंनी अंगठी टेबलावर ठेवली. सिरिल दाराशीच थांबला, बूट काढायचं निमित्त करून.

मेविसने अंगठी उचलली, खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली आणि मग नाकाशी नेली.

“ब्राऊन सॉस,” ती म्हणाली.

थेल्माबाई बाहेरच्या कोंबड्या मोजू लागल्या.

“बरा निघतो की हिरवा रंग सॉसनेसुद्धा. मी लिंबू आणि मीठ वापरायचे. दर शनिवारी, हा आंघोळीला गेला की.”

सिरिलच्या हातातला बूट खाली पडला. “काय वापरायचीस?”

“लिंबू रे. लग्नानंतर यार्मथला गेलो होतो ना, तिथे दुसऱ्याच दिवशी बोट हिरवं झालं माझं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू भेटेल त्याला सांगत सुटला होतास, अस्सल सोन्याची म्हणून. माझ्या आईला, पाद्रीबाबांना, बसच्या कंडक्टरला.”

“कंडक्टरला नव्हतं सांगितलं.”

“सांगितलं होतंस. कसा फुशारला होतास! कोण तुझा हिरमोड करणार?” तिने अंगठी टेबलावर ठेवली. तिचा आवाज जरा खाली आला. “हरवली त्या दिवसापासून तू रानात कुणाला शोधू दिलं नाहीस. मला वाटायचं, माझ्या वेंधळेपणाचा राग गेलाच नाही तुझा.”

“राग?” सिरिल एका बुटावरच आत आला. “मेविस, अगं, भीती वाटत होती मला. तुझीच.”

थेल्माबाईंनी नाक पुसलं आणि लोण्याची बशी सिरिलकडे सरकवली, कारण मेविसचं पेर सुजलेलं होतं आणि अंगठी सुकी जाणार नव्हती. सिरिलने तिच्या बोटाला लोणी लावलं आणि जीभ दाताखाली धरून अंगठी हळूहळू आत सरकवली.

“शनिवारी मी घासत जाईन आता,” तो म्हणाला.

“काही गरज नाही,” मेविस म्हणाली. “होऊ दे बोट हिरवं.”