महाडचं कोरं वर्तुळ

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर त्या सकाळी त्याच घरात होती. आता सत्तरी उलटली आहे, आणि तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून जमतंय. ओळखीच्या माणसापुढे जमलं असतं का? इतकी वर्षं तर नाही जमलं.

साठ सालाच्या आसपास मी महाडला शाळामास्तर होतो. जोडीला आणखी एक काम होतं. रोज सकाळी सावित्रीच्या काठावर जायचं, आभाळाचे आठ भाग कल्पून किती झाकलेत ते बघायचं, डोंगरमाथे दिसतात का बघायचं, आणि साडेआठला ते आकड्यांत मुंबईला तारेने कळवायचं. तिकडे हवामान कचेरीत गावोगावच्या अशा तारांवरून नकाशा काढत. प्रत्येक गावाचं एक वर्तुळ. आभाळ जितकं भरलेलं, तितकं वर्तुळ काळं. तो नकाशा पाहून वैमानिक ठरवत, आज घाट कुठून ओलांडायचा. मला याचा भारी तोरा होता. पोरांना सांगायचो, तुमच्या मास्तरांच्या शब्दावर विमानं उडतात.

लग्नानंतरचा पहिला श्रावण. बायको मंगळागौरीला माहेरी, पोलादपूरला गेली होती. जावयाला आग्रहाचं बोलावणं होतं, आणि जावयाला तरी कुठे धीर होता? मला सोमवारी संध्याकाळीच निघायचं होतं. मग मंगळवारच्या तारेचं काय? सोमवारी दिवसभर लख्ख ऊन पडलं होतं. श्रावणातल्या उन्हाचा भरवसा कोण धरतं? मी धरला — किंवा धरल्याचं सोंग केलं. मंगळवारचं आभाळ सोमवारीच लिहून टाकलं. निरभ्र, डोंगर स्वच्छ. कागद शाळेच्या शिपायाकडे दिला, उद्या साडेआठला तारघरात दे म्हणून, आणि एसटी पकडली.

पण थांबा — सांगायचं आहे ते एवढंच नाही.

मंगळवारी सकाळी मी सासऱ्यांच्या ओटीवर चहा पीत बसलो होतो. समोर आंबेनळी घाटाचे डोंगर असायला हवे होते, महाडहून मी रोज कळवायचो तेच. तिथे काहीच नव्हतं. ढग पार रस्त्यापर्यंत उतरले होते. आठ वाजले होते, आणि पोस्ट चार घरांपलीकडे. महाडची खबर चुकीची आहे, एवढी एक तार करता आली असती. पण तारेवर पोलादपूरचं नाव गेलं असतं. मास्तर जागेवर नव्हते, हे उघडं पडलं असतं. सासूबाईंनी विचारलं, आणखी चहा देऊ? मी हो म्हणालो.

दहाच्या सुमाराला विमानाचा आवाज आला. ढगांच्या आतून, घाटाकडे जाणारा. मग तो एकदम थांबला. घरात बायका पत्री निवडत होत्या, कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

विमानात एकच माणूस होता. सव्वीस वर्षांचा.

चौकशीला मुंबईहून विमान खात्याचे साहेब आले. शाळेत माझ्याच टेबलावर त्यांनी विमानात सापडलेला नकाशा पसरला. घाटाच्या कडेने सगळी वर्तुळं काळी, महाडचं तेवढं कोरं. त्या वैमानिक पोराने पेन्सिलने आखलेली रेघ मुंबईहून थेट त्या कोऱ्या वर्तुळापर्यंत आली होती आणि तिथून घाटाकडे वळली होती. साहेबांनी विचारलं, साडेआठला आभाळ असंच होतं ना? मी म्हणालो, हो. ढग नंतर उतरले. शिपायाला कुणी काही विचारलंच नाही.

घाटातल्या वाडीवरची भागाबाई तिथे आली होती. गुरं राखणारी म्हातारी. ढग हटल्यावर, दोन दिवसांनी, पडलेलं विमान पहिल्यांदा तिनेच पाहिलं. ती म्हणाली, "पहाटंपासनं डोंगर दिसलाच नाय, सायब. माजी गाय मला हातभर लांबनं दिसत नव्हती. मंगळवारच व्हता, माजा देवीचा उपास हाय मंगळवारचा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. शिकलेला मी. मी हसलो — हो, हसलो — आणि म्हणालो, "साहेब, या बायकांना आठवड्यात चार उपास. वारांचा घोळ होतो."

साहेबही हसले. तिचं म्हणणं कागदावर आलंच नाही. "मला वार कळतो, मास्तर," एवढं बोलून तिने काठी उचलली. त्यानंतर पोलादपूरच्या बाजारात ती मला कितीदा तरी दिसली. दर वेळी मी रस्ता बदलला.

ठपका वैमानिकावर आला. ढग समोर दिसत असताना तो मागे फिरला नाही, बेफिकीर होता.

त्याचे वडील सगळा वेळ मागच्या बाकावर बसले होते, पोरांच्या बुटक्या बाकावर, गुडघे पोटाशी घेऊन. सगळे उठल्यावर ते माझ्यापाशी आले. त्यांनी हात जोडले.

"मास्तर, तुम्ही तुमचं काम चोख केलंत. माझ्या पोरानं तुमच्यासारख्यांचं ऐकायला हवं होतं."

त्यानं ऐकलं होतं. त्यानं माझंच ऐकलं होतं.

मीही हात जोडले. त्यांची पिशवी उचलून घेतली आणि त्यांना मुंबईच्या एसटीत बसवून दिलं.