भोंग्याला एक गोळी

आक्काच्या चंचीत पान, सुपारी, कात आणि कॅप्सूल गुण्यागोविंदाने नांदायच्या. सत्तरच्या दशकात आम्ही सोलापुरात गिरणीजवळच्या चाळीत राहायचो. कुणाचा ताप उतरला की उरलेल्या कॅप्सूल शेजारच्या आक्काकडे जमा व्हायच्या आणि पुढच्या आजाऱ्याला मिळायच्या. "कात लागलाय जरा, पुसून घे की," म्हणायची. डोस गिरणीच्या भोंग्यावर. बरं वाटलं की बंद.

आक्का अक्कलकोटकडची. मला तंगी म्हणायची, कानडीत धाकटी बहीण. ही गोळी निघायच्या आधी तिची मुलगी तापात गेली होती. म्हणून कॅप्सूल देताना ती आधी कपाळाला लावायची. आम्ही हसायचो, पण ताप आला की तिचंच दार वाजवायचो.

माझ्या सुनंदाला ताप आला तेव्हाही तेच केलं. आक्काच्या गोळ्यांनी ताप उतरला आणि दुप्पट होऊन परतला. डॉक्टर म्हणाले, टायफॉइड. त्यांनी तेच औषध पुरेपूर दिलं, तरी पोरीचं अंग तव्यासारखं. मग चंचीची हकीकत कळली आणि ते उखडले.

"आक्का, अर्धवट औषधाने लेचेपेचे जंतू मरतात. चिवट उरतात आणि तेच वाढतात. मग ते औषधाला भीक घालत नाहीत. तुम्ही एकट्या नाही, सगळं गाव हेच करतंय."

आक्काने सुनंदाच्या कपाळाला हात लावून पाहिला. मग म्हणाली, "म्हंजे गोळी असून बी पोरी जाणार? आमच्या येळंसारखं?"

डॉक्टरांनी औषध बदललं. आक्का उशापासून हलली नाही. तीन-चार दिवसांनी, दुपारी तिची हाक आली, "तंगी, घाम आलाय. पोरीला घाम आलाय बघ."

झगा ओलाचिंब झाला होता. संध्याकाळी सुनंदाने भाकरीसाठी भोकाड पसरलं. ते रडणं ऐकून मला जे बरं वाटलं, ते कशानेच वाटलं नसेल. सुटले बाई एकदाची.

पुढे पोर अंगणात लंगडी खेळायला लागली तरी आक्का प्रत्येक भोंग्याला गोळी घेऊन हजर. "आता पुरे की," मी म्हणाले.

"न्हाय. एक बी उरवायची न्हाय."

शेवटची गोळी गिळून सुनंदा पळाली. आक्का तिच्याकडे बघत राहिली. "माझी गिरिजा बी अशीच पळायची," म्हणाली आणि हसली. लेकीची आठवण काढताना हसलेली आक्का मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.