भातासारखं पांढरं शिखर

आमच्या गावच्या भैरवनाथाचं शिखर विटा-चुन्याचं, पेशवाईतलं. पौषात धुकं उठलं की तिरपं ऊन त्यावर पडतं आणि मागच्या काळ्या डोंगरासमोर ते लख्ख उभं राहतं. मी राहतो वडगावात, पण त्या उजेडासाठी दर हिवाळ्यात कॅमेरा घेऊन गावी जातो.

गेल्या हिवाळ्यात देवस्थान कमिटीनं शिखराला पिस्ता रंगाचा ऑइल पेंट द्यायचं ठरवलं. रंगारी सोमवारी येणार होता. चुन्याच्या भिंतीला ऑइल पेंट दिला की ओल आत अडकते आणि गिलावा फुगून सुटतो, हे मी सांगून पाहिलं. कुणी मनावर घेतलं नाही. म्हटलं, आपल्याकडे काय आहे ते फोटोतच दाखवू.

माझा आकड्यांवर विश्वास. कॅमेऱ्याचं मीटर शून्यावर आलं की फोटो बरोबर, हा नियम. त्याप्रमाणे धुक्यातलं शिखर टिपलं, मोठा प्रिंट काढला आणि शुक्रवारच्या बैठकीत सभामंडपात ठेवला. कमिटीचे अध्यक्ष आबा चष्मा पुसून जवळ आले.

"लय झाक," ते म्हणाले. "बघा रं, देऊळ किती मळलंय ते. आमी सांगून दमलो, ह्यानं पुरावाच आणला."

सगळे हसले. रंगाचा ठराव माझ्याच फोटोवर पक्का झाला.

शिखर खरोखरच राखाडी आलं होतं. मीटर शून्यावर होतं, म्हणून मला संशयच आला नव्हता.

रात्री जेवायला बसलो तरी डोक्यात तेच. ताटात इंद्रायणीचा भात होता. कॅमेरा आणला, मीटर शून्यावर ठेवलं आणि त्या भाताचाच फोटो काढला. बायकोनं स्क्रीनवर पाहिलं.

"अहो, माझा भात असा दिसतो? कुणी पाहिलं तर म्हणेल, बुडाचा करपलेला वाढलाय."

भातही राखाडी. मग उलगडलं. समोर सगळं पांढरंच असलं की मीटरला वाटतं उजेड फार झाला, आणि ते फोटो काळवंडवतं. मी कॅमेऱ्यातला उजेड पायरीपायरीनं चढवला: अर्धा स्टॉप, मग एक, मग दीड.

"हा माझा भात," ती म्हणाली. "आता जेवा, निवला."

रविवारी सकाळी पुन्हा देवळासमोर उभा राहिलो. शेवटची संधी, आणि आभाळ भरून आलेलं. लोणावळ्याच्या बाजूला तर ढग काळेकुट्ट. परत फिरणार होतो, तेवढ्यात माझ्या पाठीमागे, पूर्वेला, ढगांच्या खाली फट पडली. ऊन थेट शिखरावर आलं. मागे काळं आभाळ, पुढे ते पांढरं. मी फक्त भिंतीवर मीटर धरलं, दीड स्टॉप वाढवला आणि बटण दाबत राहिलो. फट मिटली तेव्हा फोटो माझ्याकडे होता.

तिथूनच गावाच्या ग्रुपवर टाकला. चहा होईपर्यंत आंबीच्या कंपन्यांत कामाला जाणाऱ्या निम्म्या गावाच्या स्टेटसला तो लागला होता. आबा मोबाइल हातात धरूनच देवळाकडे आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"हे आपलंच का रं?"

"व्हय आबा. तुमच्या मागंच आहे."

ते वळले. शिखराकडे पाहिलं, मोबाइलकडे पाहिलं, पुन्हा शिखराकडे.

"रंगाऱ्याला नगं म्हनून सांगतो," ते अखेर म्हणाले. "पर चुना मारायचा कुनी? दरसाली मारावा लागतो त्यो."

"मी मारतो."

"तू? बरं. पडलास तर फोटो आमी काढू."

पुढच्या रविवारी पिंपात चुनकळी फुलवली, बांबूची परांची बांधली आणि कुंचा घेऊन मी वर चढलो. पाठोपाठ स्टेटसवाले दहा-बारा जण चढले. आबा खाली खुर्ची टाकून बसलेले.

"डावीकडं ऱ्हायलं," ते ओरडून सांगत. "इचार तुझ्या मीटरला."

संध्याकाळी उतरलो तेव्हा शिखर पांढरं होतं आणि आम्हीही.

गेल्या महिन्यात आबांच्या नातीची लग्नपत्रिका आली. वर मधोमध तोच फोटो. छापणाऱ्यानं काळवंडवला तर नाही ना, हे मी भिंग लावून तपासलं. नव्हता काळवंडवला. भातासारखा पांढरा होता.