राखेच्या रेघेपलीकडचं ‘सगळं बरं’

परवा सकाळी चंद्रपुरात भाचीच्या ऑफिसात बसले होते. ती तिथली साहेब. मीटिंगमध्ये तिने विचारलं, "कुणाला काही अडचण? मोकळेपणाने बोला..." दहा-बारा माणसं एका सुरात म्हणाली, "नाही मॅडम, सगळं ठीक."

भाची खूश झाली. माझ्या अंगावर मात्र काटा आला. नव्वदीला टेकले तरी तो सूर मी विसरलेले नाही...

पन्नासच्या दशकाचा शेवट. आपला जिल्हा तेव्हा चांदा. नागपूरहून बी.ए. होऊन मी कुरखेड्याकडच्या जंगलात एका कोसा केंद्रावर देखरेखीला लागले होते. ऐनाच्या झाडांवर रेशमाचे किडे सोडायचे, ते पानं खाऊन कोसे विणतात. राखणीला बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, मासे धरणाऱ्या घरांतले सात जण होते. सात घरांचा अर्ध्या वर्षाचा घास त्या झाडांवर होता.

रानाभोवती राखेची रेघ ओढलेली असे. कोसे उतरेपर्यंत बाईमाणसाने ती ओलांडायची नाही. मला हे मुळीच पटलं नव्हतं, पण नोकरी नवी होती. रोज सकाळी मी वही घेऊन रेघेच्या अलीकडे, ते सात जण पलीकडे.

तिथे उभं राहिलं की आतला आवाज ऐकू येई. हजारो किडे पानं खातात त्याची बारीक करकर... झाडं आपसात कुजबुजत असल्यासारखी. सुरुवातीला भीती वाटायची, मग सवय झाली.

पहिल्याच आठवड्यात त्यांच्यातला पांडू म्हणाला, "बाई, उगवतीकडचे किडे मंद होऊन राह्यले." मी फाडकन म्हणाले, "मग नीट राखण करा. मला रडगाणी नकोत."

त्यानंतर कुणी तक्रार केली नाही. मी रोज विचारायची, "काही अडचण?" सातही जण म्हणायचे, "नाई बाई, सगळं बरं." मी वहीत तसंच उतरवायची. शिस्त लागली म्हणून मनातून खूशही होते...

एका सकाळी दाट धुकं होतं. रेघेवर आले आणि पाय थबकले. मावळतीकडून करकर येत होती. उगवतीकडून काहीच नाही. पाखरं हाकलायच्या आरोळ्याही नाहीत, कारण पाखरं तिकडे फिरकतच नव्हती. नुसता एक आंबूस वास...

सात जण धुक्यात ओळीने उभे. "उगवतीकडे काय झालंय?" मी विचारलं.

"सगळं बरं, बाई." सगळे एकदम बोलले. डोळे माझ्यावर, आणि एकाचीही मान मागे वळेना. क्षणभर वाटलं, ही माणसं बोलतच नाहीयेत... दुसरंच कुणीतरी यांच्या तोंडून बोलतंय.

आवाज चढवून पुन्हा विचारलं. तेच उत्तर, त्याच सुरात.

तेव्हा त्यांच्यातले सगळ्यांत वयस्क झित्रूभाऊ रेघेजवळ आले. इतके हळू बोलले की नुसते ओठ हलले. "इथी नाई, बाई." आणि त्यांची नजर बोडीच्या पाळीकडे गेली.

त्या तळ्यावर ते रोज आंघोळीला जात. पाळ, म्हणजे तळ्याचा बांध, रेघेच्या बाहेर होती. मी तिकडे चालू लागले... पोचून वळले, तर सातही जण मागे उभे.

तिथे त्यांनी सांगितलं. कोशाच्या रानात मरणाचा शब्द काढायचा नाही, नाहीतर उरलेले किडेही जातात, असा त्यांचा नेम. पांडूने पानात गुंडाळलेली एक डहाळी उघडली. काळे पडलेले किडे डोकं खाली करून लटकत होते... ओळीने.

"पण पाळीवर तर तुम्ही रोज येता," मी म्हणाले. "इथे मला बोलावून का नाही सांगितलं?"

झित्रूभाऊ म्हणाले, "देवाचा धाक हायेच, बाई. पण देवाले नारळ देऊन मनवता येते. तुमाले काय देऊन मनवावं?" पांडूला हसू फुटलं. त्याने लगेच तोंडावर हात दाबला.

जिभेवर आलेलं उत्तर मी गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा. फक्त विचारलं, "अजून काय?" आणि गप्प बसले.

मग सगळे बोलत सुटले. रोगट डहाळ्या तोडून जाळायच्या, धडधाकट किडे मावळतीच्या टोकाच्या झाडांवर न्यायचे, आणि आजच, "नाईतं मावळत बी जाते, बाई." उपाय त्यांना पहिल्या आठवड्यापासून माहीत होता. माझा हुकूम नव्हता, एवढंच.

दुपारपर्यंत रानातून धूर निघाला. उगवतीचं रान गेलं ते गेलंच. मावळतीचं वाचलं, त्यावर सात घरांनी ते वर्ष कसंबसं काढलं. पांडूचं पहिल्याच वेळी ऐकलं असतं, तर दोन्ही वाचली असती. हे माझ्या नावावर आहे, दुसऱ्या कुणाच्या नाही.

पुढे मी रोज पाळीवर जाऊन विचारायची. वहीत ‘सगळं बरं’ पुन्हा कधी लिहिलं नाही...

भाचीला एवढंच म्हटलं, तुझ्या त्या हॉलमध्ये विचारू नकोस. समोरच्या चहाच्या टपरीवर ने सगळ्यांना, आणि पहिला माणूस बोलेल तेव्हा तोंड आवर.

काल तिचा फोन आला. दोन-दोन चहा झाले म्हणे... मग एक कारकून बोलला. "मावशी, कान गरम झाले माझे." म्हटलं, होऊ देत.

झित्रूभाऊ आता नसतील. पण त्या धुक्यात त्यांनी ओठ हलवले नसते, तर मावळतीकडूनही मला शांतताच ऐकू आली असती... आणि मी वहीत लिहिलं असतं, सगळं बरं.