चाळीस कंदीलपुष्पं

त्र्यंबकच्या डोंगरावरचा आमचा वाटाड्या चढताना मागे वळून बघत नसे. आमच्या धापेवरूनच त्याला अंतर कळायचं. कंदीलपुष्पाचं रोप दिसलं की आधी चपला काढायचा, मग उकिडवा बसून एकच पान खुडून माझ्या नमुन्याच्या पाकिटात टाकायचा. "लय हायेत सर, काळजी नका करू," हे त्याचं ठरलेलं.

हे दुर्मीळ रोप मोजायला मी दर श्रावणात नाशिकहून जायचो. यंदा पहिल्यांदाच चाळीस रोपांचा डीएनए तपासला. प्रत्येकाच्या डीएनएच्या पट्ट्या थोड्या तरी वेगळ्या पडायला हव्या होत्या. चाळीसही हुबेहूब एकसारख्या! माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा तपासलं. तेच. तडक डोंगर गाठला आणि त्याला सांगितलं.

तो जरासुद्धा दचकला नाही.

"बरोबर हाय. समदी एकाचीच. एखादं वाळलं की त्या जागी मी खाली पायथ्याशी हाय त्या एका रोपाची फांदी लावायचो."

"आणि मूळची रोपं?"

"ती कवाच गेली."

"अरे, मग मला बोलला का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या लांबून येता, सर," तो म्हणाला. "पाव्हण्याला रिकाम्या हाती कसं धाडायचं?"